गेस्ट रीड-ओन्ली रजिस्टरमध्ये लिहायला जातो तेव्हा: डब्ल्यूआरएमएसआरच्या तक्रारींचं निवारण

व्हर्च्युअल मशीनमधली प्रणाली (गेस्ट) प्रोसेसरच्या एखाद्या मॉडेल-विशिष्ट रजिस्टरमध्ये (एमएसआर) डब्ल्यूआरएमएसआर या सूचनेने लिहायला जाते आणि अडवली जाते. ही तक्रार तीन रूपांत येते. लिनक्स गेस्ट सुरू होताना त्याच्या कर्नल लॉगमध्ये 'अनचेक्ड एमएसआर ॲक्सेस एरर: डब्ल्यूआरएमएसआर टू' अशी ओळ उमटते. तिच्यापुढे रजिस्टरचा क्रमांक, लिहू पाहिलेली व्हॅल्यू, पत्ता आणि फंक्शनचं नाव असतं. विंडोज गेस्ट असेल तर निळा पडदा येतो, त्यावर १ई हा कोड असतो आणि डंप उघडला की पहिल्या पॅरामीटरमध्ये सी०००००९६ सापडतो, म्हणजे विशेषाधिकाराच्या सूचनेवर झालेला अपवाद. तिसरं रूप होस्टवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतं त्या यंत्रावर, दिसतं: केव्हीएमने (लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाने) लिहिलेली 'अनहँडल्ड डब्ल्यूआरएमएसआर' ही ओळ. कधी तिन्ही एकत्र दिसतात, कधी एकच, आणि कधी गेस्ट कोसळूनही होस्टचा लॉग कोरा असतो.

यावर सगळीकडे एकच सल्ला फिरतो: केव्हीएम मॉड्यूलचं 'इग्नोर एमएसआर्स' पॅरामीटर चालू करा. त्याने अनेकदा मशीन सुरू होतं हे खरं. पण माझं म्हणणं असं की फॉल्ट (सूचना नाकारल्याचा अपवाद) हे बहुतेक वेळा बरोबर उत्तर असतं. खऱ्या प्रोसेसरनेही तेच दिलं असतं. शोधायचं ते हे, की गेस्टला त्या रजिस्टरमध्ये लिहावंसं का वाटलं आणि तसं वाटण्याजोगं आपण त्याला काय सांगून ठेवलं होतं.

(या लेखात रजिस्टरचे क्रमांक आणि कोड हेक्समध्ये आहेत. बिटांचे क्रमांक, आवृत्त्या आणि बाकीचे आकडे नेहमीचे दशमान.)

आत काय घडतं

एक्स८६ प्रोसेसरवर मॉडेल-विशिष्ट रजिस्टरमध्ये लिहायची सूचना डब्ल्यूआरएमएसआर. ईसीएक्समध्ये रजिस्टरचा क्रमांक, ईडीएक्स आणि ईएएक्समध्ये मिळून ६४ बिटांची व्हॅल्यू. सूचना फक्त रिंग ० मध्ये, म्हणजे कर्नलच्या पातळीवर, चालते. रजिस्टर अस्तित्वात नसेल, रीड-ओन्ली असेल किंवा राखीव बिटांना हात लागला असेल, तर तिन्ही वेळा प्रोसेसर एकच उत्तर देतो: जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, व्हेक्टर १३, एरर कोड शून्य. तिन्ही कारणांना एकच उत्तर असल्यामुळे नुसता फॉल्ट पाहून कारण कळत नाही. निदानातली अर्धी अडचण इथेच आहे.

व्हर्च्युअल मशीनमध्ये मधे हायपरव्हायजर, म्हणजे मशीन चालवणारा केव्हीएमसारखा थर, येतो. इंटेलवर ४ केबीचं एक एमएसआर बिटमॅप पान असतं, त्याचे १ केबीचे चार भाग: खालच्या क्रमांकांचं वाचन, वरच्या क्रमांकांचं वाचन, खालच्यांचं लेखन, वरच्यांचं लेखन. खालचे म्हणजे ० ते १एफएफएफ, वरचे म्हणजे सी००००००० ते सी०००१एफएफएफ. बिट १ असेल तर गेस्ट थांबून नियंत्रण हायपरव्हायजरकडे येतं (हीच एक्झिट), वाचनासाठी एक्झिट कारण ३१ आणि लेखनासाठी ३२ (हे दोन दशमान). या दोन पट्ट्यांबाहेरचा क्रमांक असेल तर एक्झिट होतेच. एएमडीवर हाच नकाशा ८ केबीचा, प्रत्येक रजिस्टरला दोन बिट, आणि एक्झिट कोड ७सी. वाचन होतं की लेखन ते एक्झिटइन्फो१ मध्ये कळतं.

वाचन आणि लेखन यांचे बिट वेगळे आहेत हे ध्यानात ठेवा. एखादं रजिस्टर गेस्ट थेट वाचू शकतो आणि लिहायला गेला की अडवला जातो, अशी मांडणी सर्रास असते. उलट लेखनही मोकळं सोडलेलं असेल तर सूचना थेट हार्डवेअरवर चालते आणि फॉल्ट हार्डवेअरच गेस्टला देतं. हायपरव्हायजरला त्याचा पत्ताच लागत नाही. गेस्ट ओरडतोय आणि होस्टवर एकही नोंद नाही, अशा वेळी हे पहिलं तपासा.

आणखी एक. गेस्टमधल्या साध्या प्रोग्रॅमने रिंग ३ मधून ही सूचना चालवली तर विशेषाधिकाराचा फॉल्ट एक्झिटच्या आधी लागतो. त्यामुळे होस्टच्या ट्रेसमध्ये जे लेखन दिसतं ते गेस्टच्या कर्नलमधूनच आलेलं असतं. रूट वापरकर्त्याने लिनक्सच्या एमएसआर डिव्हाइसमधून लिहिलं तरी प्रत्यक्ष सूचना कर्नलच चालवतो.

'रीड-ओन्ली' चार प्रकारचं असतं

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सावकाश जाऊ.

पहिला प्रकार निखळ रीड-ओन्ली. १९८ हे परफॉर्मन्स स्टेटस, १७९ हे मशीन-चेकच्या क्षमता सांगणारं, एफई हे एमटीआरआरच्या (मेमरीच्या पट्ट्यांचं कॅशिंग ठरवणाऱ्या रजिस्टरांच्या) क्षमतांचं, १०ए हे आर्किटेक्चरल क्षमतांचं, ४८० पासून पुढची व्हीएमएक्स (इंटेलचं व्हर्च्युअलायझेशन) क्षमतांची रांग, ६०६ हे ऊर्जामापनाची एककं सांगणारं आणि ६११ हा पॅकेजच्या ऊर्जेचा मोजक. यांत लिहिलं की फॉल्ट. यात हायपरव्हायजरला वेगळं वागायचं काही कारण नाही.

दुसरा प्रकार कुलूपबंद रजिस्टरांचा. ३ए हे फीचर कंट्रोल. त्याचा बिट ० एकदा १ केला की पुढच्या रीसेटपर्यंत त्यात लिहिता येत नाही. ई२ मध्ये हेच काम बिट १५ करतो, आणि पॉवर मॅनेजमेंट स्वतःच्या हातात घेऊ पाहणारे कर्नल तिथेच अडखळतात. कुलूपबंद रजिस्टरचा फॉल्ट आला तर पहिला संशय गेस्टच्या कर्नलवर न घेता फर्मवेअरवर घ्यावा. क्यूएमू (केव्हीएमसोबत बाकीचं मशीन उभं करणारा प्रोग्रॅम) ३ए ची अपेक्षित व्हॅल्यू फर्मवेअरला एका खास फाइलमधून देतं, आणि सीबायोस किंवा ओव्हीएमएफ ही फर्मवेअरं ती लिहून कुलूप लावतात. तुम्ही नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (गेस्टच्या आत आणखी गेस्ट) चालू केलं, पण वापरात फर्मवेअर जुनं किंवा स्वतः बांधलेलं असेल, तर ही साखळी तुटलेली असू शकते.

तिसऱ्या प्रकारात रजिस्टर लिहिण्याजोगं असतं, पण त्यातले काही बिट रीड-ओन्ली असतात. याचं उत्तम उदाहरण १ए०, म्हणजे मिसलेनियस एनेबल. त्याचे ११ आणि १२ हे बिट ब्रँच ट्रेस आणि पेब्स (कामगिरीचे अचूक नमुने घ्यायची सोय) उपलब्ध नाहीत हे सांगतात. गेस्टने ते बदलू पाहिले तर केव्हीएम फॉल्ट देतं. त्याच रजिस्टरचा बिट ७ परफॉर्मन्स मॉनिटरिंग उपलब्ध असल्याचं सांगतो. तो बदलायचा प्रयत्न केला तर फॉल्ट येत नाही, बदल निमूट टाकून दिला जातो आणि जुनी व्हॅल्यू राहते. एकाच रजिस्टरमध्ये दोन वेगळे नियम आहेत. म्हणून तक्रार नोंदवताना फक्त क्रमांक देऊन भागत नाही. लिहिलेली व्हॅल्यू हवी, आणि आधीची व्हॅल्यूही हवी. या दोहोंचा एक्सऑर काढला की नेमका कोणता बिट खटकला ते लगेच दिसतं.

चौथ्या प्रकारात लेखन निरर्थक असलं तरी ते चालू द्यावंच लागतं. ८बी हे मायक्रोकोडची आवृत्ती सांगतं. ती वाचायची इंटेलची ठरलेली पद्धत अशी: आधी ८बी मध्ये शून्य लिहा, मग सीपीयूआयडी १ (प्रोसेसरची ओळख आणि क्षमता सांगणारी सूचना) चालवा, मग ८बी वाचा. 'आवृत्ती बदलता येत नाही, म्हणून रीड-ओन्ली' असं समजून हायपरव्हायजरने फॉल्ट दिला तर सुसंस्कृत वागणारा गेस्ट बळी पडेल. केव्हीएम गेस्टचं हे लेखन गुपचूप सोडून देतं. मायक्रोकोड चढवण्याच्या ७९ या रजिस्टरचंही तसंच. मशीन-चेक स्टेटस रजिस्टरांचा नियम याच्या जवळचा आहे. त्यांत शून्य लिहून पुसता येतं, शून्येतर व्हॅल्यू लिहिली की फॉल्ट. एएमडीवर सी००१००१५ या हार्डवेअर कॉन्फिगरेशन रजिस्टरचा बिट १८ लावलेला असेल तर तीही चालते.

आपलं रजिस्टर या चारांपैकी कुठे बसतं हे ठरल्याशिवाय पुढचं पाऊल उचलू नये. प्रोसेसरच्या पुस्तिकेतला तक्ता उघडायचा आणि त्या मॉडेलचाच तक्ता उघडायचा, कारण तोच क्रमांक दुसऱ्या पिढीत वेगळं काही असू शकतो.

नेमकं कोण लिहितंय ते पकडणं

लिनक्स गेस्टच्या लॉगवर पूर्ण विसंबू नका. ती 'अनचेक्ड' ओळ डब्ल्यूआरएमएसआरसाठी एका बूटमध्ये एकदाच छापली जाते. पाच रजिस्टरांवर फॉल्ट आले तरी पहिलंच दिसतं. ते निस्तरलं की पुढच्या बूटला दुसरं डोकं वर काढतं आणि वाटतं, की दुरुस्तीनेच नवा दोष आणला. शिवाय कर्नलमधला जो कोड लेखनाचं 'सेफ' रूप वापरतो तो फॉल्ट झेलून पुढे जातो. त्याची नोंदच होत नाही.

होस्टच्या लॉगलाही दोन मर्यादा आहेत. तिथल्या ओळींच्या वेगावर मर्यादा घातलेली असते, त्यामुळे काही गळतात. आणि केव्हीएम जे रजिस्टर ओळखतच नाही त्याचीच तक्रार 'अनहँडल्ड' म्हणून लिहितं. ओळखीच्या रजिस्टरमध्ये नको ती व्हॅल्यू आली तर बहुधा शब्द न काढता फॉल्ट टोचतं.

या दुसऱ्या मर्यादेतून एक गोष्ट निघते. 'इग्नोर एमएसआर्स' हे पॅरामीटर अनोळखी रजिस्टरांपुरतंच आहे. १ए० चे बिट ११ आणि १२, कुलूपबंद ३ए, मशीन-चेक स्टेटसमधलं शून्येतर लेखन, यांवर त्याचा परिणाम होत नाही. 'पॅरामीटर चालू केलं तरी गेस्ट पडतोच' अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

खरं चित्र ट्रेसमध्ये दिसतं. होस्टवर केव्हीएमच्या ट्रेसपॉइंटांपैकी 'केव्हीएम एमएसआर' हा चालू करा, ट्रेस-सीएमडी किंवा पर्फ या साधनाने, आणि मग गेस्ट सुरू करा. प्रत्येक ओळीत वाचन की लेखन, रजिस्टरचा क्रमांक आणि व्हॅल्यू येते, आणि फॉल्ट दिला असेल तर शेवटी कंसात जीपी. क्रमांकाच्या पुढे हेक्सची खूण नसते, त्यामुळे १९८ ला दशमान समजून भलतंच रजिस्टर शोधत बसू नका. सोबत 'केव्हीएम एक्झिट' चालू ठेवला तर गेस्टचा सूचना-पत्ताही मिळतो, आणि 'केव्हीएम इंजेक्ट एक्सेप्शन' चालू ठेवला तर फॉल्ट खरोखर टोचला गेला याची खात्री होते. गेस्टला फॉल्ट दिसतोय पण या ट्रेसमध्ये त्या रजिस्टरची ओळच नाही, असं झालं तर वर सांगितलेली मोकळी सोडलेली वाट घडली आहे.

पत्ता मिळाला की तो फंक्शनमध्ये बदलायचा. लिनक्स गेस्टचा कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर बसतो, म्हणून त्याच बूटमधली कॉलसिम्स ही फंक्शनांच्या पत्त्यांची यादी वापरा, नाहीतर तपासापुरतं ते यादृच्छिक बसवणं बंद करा. विंडोजसाठी क्रॅश डंप डीबगरमध्ये उघडून थांबलेल्या सूचनेपाशी जा. बाइट ०एफ ३० दिसले की ती डब्ल्यूआरएमएसआर. वरच्या स्टॅकवरून ड्रायव्हर ओळखता येतो.

लिहिण्यामागची कारणं

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हे, की गेस्टमधला ड्रायव्हर क्षमता विचारत नाही, प्रोसेसरचं मॉडेल पाहून गृहीत धरतो. व्हीएमला होस्टचंच सीपीयू मॉडेल जसंच्या तसं दाखवलं, की अनकोर (कोअरांबाहेरच्या भागाच्या) मोजकांचा, ऊर्जामापनाचा किंवा टर्बो नियंत्रणाचा ड्रायव्हर त्या मॉडेलची सगळी रजिस्टरं असणारच असं मानून कामाला लागतो. शहाणे ड्रायव्हर आधी सीपीयूआयडी १ च्या ईसीएक्समधला बिट ३१ पाहतात. हा बिट सांगतो की आपण हायपरव्हायजरखाली आहोत. लिनक्सचा इंटेल अनकोर ड्रायव्हर हा बिट दिसला की स्वतःहून माघार घेतो. मायक्रोकोड चढवणारा भागही तसाच वागतो.

आणि नेमका हाच बिट लोक मुद्दाम लपवतात. काही ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा खेळ व्हीएममध्ये चालायला नकार देतात, म्हणून क्यूएमूच्या सीपीयू पर्यायात हायपरव्हायजर बिट बंद केला जातो. त्या क्षणापासून गेस्टला वाटतं आपण खऱ्या यंत्रावर आहोत, आणि तो खऱ्या यंत्रावर करायची सगळी लेखनं करू लागतो. एमएसआरच्या तक्रारीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हा बिट लपवला आहे का? केव्हीएमची सही (सीपीयूआयडीत दिसणारं नाव) लपवणं वेगळं आणि हा बिट लपवणं वेगळं. अनेकदा फक्त सही लपवून काम भागतं.

दुसरं कारण लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालतं मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं. गेस्ट कर्नल सुरू होताना कोणती सुरक्षा-उपाययोजना वापरायची ते सीपीयूआयडी पाहून एकदाच ठरवतो आणि पुढे तेच पाळतो. ४८ हे स्पेक्युलेशन कंट्रोल रजिस्टर घ्या. बिट ०, १ आणि २ वेगवेगळ्या उपायांचे. सुरुवातीच्या होस्टवर तिन्ही होते, पोहोचलेल्या होस्टवर एक नाही, तर गेस्ट टास्क बदलताना सवयीने तो बिट लिहितो आणि फॉल्ट खातो. लक्षण फसवं असतं: मशीन नीट पोहोचतं, चालतं आणि काही वेळाने कोसळतं. यावर उपाय कोसळण्याच्या जागी नाही, आधी आहे. क्यूएमूच्या सीपीयू पर्यायात 'एन्फोर्स' लावा, लिबव्हर्टमध्ये (क्यूएमूची मशीनं सांभाळणाऱ्या साधनात) तपासणी 'फुल' ठेवा. मागितलेली क्षमता होस्ट देऊ शकत नसेल तर मशीन सुरूच होणार नाही. एरवी क्यूएमू फक्त इशारा छापून क्षमता गाळतं.

तिसरं कारण गेस्टमधली साधनं: अंडरव्होल्टिंग, ओव्हरक्लॉकिंग, तापमान सांभाळणारे एजंट. लिनक्सवर हे लगेच सापडतं, कारण ५.९ पासून वापरकर्त्याच्या बाजूने अनोळखी रजिस्टरमध्ये लिहिलं की कर्नल प्रोग्रॅमचं नाव लॉगमध्ये लिहितो. हे साधन व्हीएममधून काढून टाकावं. व्हीएममध्ये त्याचं काही काम नाही.

मायग्रेशनची दिसायला सारखी, पण वेगळी तक्रार

'फेल्ड टू सेट एमएसआर' म्हणत क्यूएमूच बंद पडतं आणि खाली असर्शन फसल्याची ओळ असते. ही तक्रार वरच्या यादीत घालू नका. इथे गेस्ट काही लिहीत नाही. क्यूएमू स्वतः मशीनची स्थिती बसवताना लिहू पाहतं आणि केव्हीएम नकार देतं. क्रमांक बहुधा ४८० च्या रांगेतला असतो, ४८ई हा नेहमीचा. कारण नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनच्या क्षमतांचा मेळ नसणं: गेस्टला व्हीएमएक्स दाखवलं आहे, पण या होस्टवर, या कर्नलवर किंवा या मॉड्यूल पॅरामीटरांखाली तेवढ्या क्षमता देता येत नाहीत. गेस्टला नेस्टेड लागत नसेल तर व्हीएमएक्स बिट काढून टाकला की प्रश्न मिटतो. लागत असेल तर दोन्ही होस्टांवर कर्नल आणि केव्हीएम-इंटेल मॉड्यूलची पॅरामीटरं सारखी करा.

'इग्नोर एमएसआर्स' चालू करण्याआधी

हे पॅरामीटर चालत्या होस्टवर सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंगांच्या फाइलींतून) बदलता येतं, म्हणून मोह होतो. पण ते मॉड्यूलचं आहे, एका मशीनचं नाही. त्या होस्टवरचे सगळे गेस्ट त्याखाली येतात, ज्यांना कधी त्रास नव्हता तेही.

दुसरं, ते फक्त लेखन गिळत नाही. अनोळखी रजिस्टरच्या वाचनाला शून्य देऊन 'यशस्वी' म्हणतं. अनेक गेस्ट रजिस्टर आहे की नाही हे फॉल्ट येतो का यावरूनच ठरवतात. त्यांना फॉल्ट मिळाला नाही की ते रजिस्टर आहे असं धरून चालतात आणि त्या शून्यावर पुढची गणितं मांडतात. लिनक्सच्या इंटेल पर्फ कोडमध्ये यासाठी खास तपासणी घालावी लागली: व्हॅल्यू वाचायची, बदलून लिहायची, परत वाचायची आणि ती खरंच बदलली का ते पाहायचं. फॉल्ट न देता शून्य परत करणाऱ्या एम्युलेटरांपायीच ही तपासणी आहे. प्रत्येक ड्रायव्हर इतकी काळजी घेत नाही.

झेन या दुसऱ्या हायपरव्हायजरचा प्रवासही हेच सांगतो. ४.१४ पर्यंत तिथे न हाताळलेल्या रजिस्टरांबाबत सैल धोरण होतं. ४.१५ मध्ये ते कडक केलं, कारण होस्टची माहिती गेस्टमध्ये झिरपत होती आणि फॉल्टवरून चाचपणी करणाऱ्या गेस्टांचा तर्क बिघडत होता. ज्यांचे गेस्ट त्यामुळे अडले त्यांच्यासाठी 'एमएसआर रिलॅक्स्ड' हा पर्याय ठेवला, पण तो तात्पुरता असल्याचं दस्तऐवजातच म्हटलं आहे. तो निदान एका मशीनपुरता लावता येतो. बीहाइव्ह या आणखी एका हायपरव्हायजरमध्ये डॅश-डब्ल्यू हा पर्याय तशाच कामाचा आहे, आणि तोही डीबगिंगसाठीच म्हणून नोंदवलेला.

तरीही वापरावं लागलं, उदाहरणार्थ बंद स्रोताचा जुना गेस्ट आहे आणि तो बदलता येत नाही, तर त्याला वेगळ्या होस्टवर ठेवा. 'रिपोर्ट इग्नोर्ड एमएसआर्स' हे जोडीचं पॅरामीटर मात्र बंद करू नका. लॉग भरतो म्हणून लोक ते बंद करतात आणि मग महिन्यांनी दुसरी अडचण आली की मागचा एकही धागा हाती राहत नाही.

त्याऐवजी काय करावं

कारण सापडलं असेल तर उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. लपवलेला हायपरव्हायजर बिट परत दाखवा. होस्टचं मॉडेल जसंच्या तसं देण्याऐवजी नामांकित मॉडेल किंवा लिबव्हर्टचं होस्ट-मॉडेल वापरा. परफॉर्मन्स मोजकांवरून वाद असेल आणि गेस्टला ते नको असतील तर पीएमयू (ते मोजक पुरवणारा भाग) बंद करा. ज्या क्षमतेच्या नावाखाली लेखन होतंय तिचा एकच सीपीयूआयडी बिट काढा. गेस्ट आपला असेल तर तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करा किंवा कर्नल वर न्या. लिनक्सचे नवे कर्नल असा न झेललेला फॉल्ट आला तरी इशारा देऊन पुढे जातात, जुने तिथेच मरायचे.

स्वतःचा व्हीएमएम (क्यूएमूसारखा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांकडे याहून चांगलं साधन आहे. लिनक्स ५.१० पासून केव्हीएम ठरावीक एमएसआर ॲक्सेस यूझरस्पेसकडे, म्हणजे या प्रोग्रॅमकडे, पाठवू शकतं. कारण तीन प्रकारचं कळवलं जातं: अनोळखी रजिस्टर, अमान्य ॲक्सेस, किंवा आपण लावलेल्या फिल्टरने अडवलेलं. प्रत्येकासाठी फॉल्ट द्यायचा, लेखन सोडून द्यायचं की व्हॅल्यू साठवायची, हे एका मशीनपुरतं ठरवता येतं. सरसकट गिळण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

हायपरव्हायजरच्या कोडमध्येच चूक असेल तर

फॉल्ट टोचणं सोपं वाटतं, पण तीन ठिकाणी हमखास चुकतं.

एक, सूचना-पत्ता. जनरल प्रोटेक्शन हा फॉल्ट प्रकारातला अपवाद आहे, म्हणून साठवलेला पत्ता डब्ल्यूआरएमएसआरवरच असला पाहिजे. एक्झिट हाताळताना सवयीने पत्ता दोन बाइट पुढे सरकवला आणि मग फॉल्ट टोचला, तर लिनक्स गेस्टला आपल्या अपवाद-तक्त्यात तो पत्ता सापडत नाही. जे लेखन त्याने 'सेफ' म्हणून काळजीपूर्वक केलं होतं त्यावरच कर्नल ऊप्स देतो. लेखन सोडून द्यायचं असेल तेव्हा मात्र पत्ता पुढे न्यायलाच हवा, नाहीतर तीच सूचना अनंत वेळा चालत राहते.

दोन, एरर कोड. तो शून्य असला तरी स्टॅकवर जावा लागतो. इंटेलवर व्हीएम-एंट्रीच्या इंटरप्शन माहितीत व्हेक्टर १३, प्रकार ३, एरर कोडचा बिट ११ आणि वैधतेचा बिट ३१ मिळून ८००००बी०डी ही व्हॅल्यू होते. बिट ११ विसरला तर गेस्टचा हँडलर एक घर चुकीच्या जागी वाचतो आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी दिसतो. गेस्ट रिअल मोडमध्ये असेल तेव्हा मात्र हा बिट लावायचा नाही.

तीन, लिहिणारा कोण हे वेगळं न करणं. गेस्टसाठी रीड-ओन्ली असलेलं रजिस्टर यूझरस्पेसला बसवता आलंच पाहिजे, नाहीतर मायग्रेशननंतर ते मूळ व्हॅल्यूवर येणार कसं? केव्हीएमच्या कोडमध्ये यासाठी 'होस्ट इनिशिएटेड' अशी खूण प्रत्येक लेखनासोबत फिरते. दोघांनाही एकच 'नाही' दिलं की वरची 'फेल्ड टू सेट' तक्रार आपणच जन्माला घालतो, आणि दोघांनाही 'हो' दिलं की गेस्ट स्वतःच्या क्षमता स्वतः बदलू शकतो.

आर्म आणि रिस्क-व्ही

या दोन वेगळ्या प्रोसेसर-रचनांवर प्रश्न तोच, उत्तर वेगळं. आर्म६४ वर एमआयडीआर किंवा आयडी या प्रोसेसरची ओळख सांगणाऱ्या रजिस्टरांमध्ये लिहिणं म्हणजे अनडिफाइन्ड सूचना, आणि ती सहसा गेस्टच्याच कर्नलला भिडते. केव्हीएमच्या लॉगमध्ये 'अनएक्स्पेक्टेड सिस-रेग राइट टू रीड-ओन्ली रजिस्टर' असा इशारा दिसला, तर असं लेखन हायपरव्हायजरपर्यंत पोहोचायलाच नको होतं असा त्याचा अर्थ. खालच्या ओळीतल्या ऑप आणि सीआर आकड्यांवरून रजिस्टर ओळखा आणि संशय आधी हार्डवेअर किंवा एम्युलेटरवर घ्या. नेस्टेड मांडणी असेल तर तिच्यावर.

रिस्क-व्हीची रचना इथे देखणी आहे. सीएसआरच्या (तिथल्या नियंत्रण रजिस्टराच्या) १२ बिटी क्रमांकाचे वरचे दोन्ही बिट १ असतील तर ते रीड-ओन्ली, तक्ता उघडायची गरज नाही. सी००, सी०१, सी०२ हे सायकल, वेळ आणि पूर्ण झालेल्या सूचनांचे मोजक असेच. त्यांत लिहिलं की इल्लीगल इन्स्ट्रक्शन, कारण २. व्हर्च्युअल इन्स्ट्रक्शनचं कारण २२ इथे लागू नाही, कारण हे लेखन हायपरव्हायजरच्या पातळीवरही चाललं नसतं. स्वतःच्या एम्युलेटरमध्ये ही दोन कारणं अदलाबदल होणं ही नेहमीची चूक आहे.

दुरुस्तीनंतर

पुन्हा तोच ट्रेस घ्या, तीन वेळा: थंड बूट, गेस्टच्या आतून रीबूट आणि मायग्रेशननंतर. कुलूपबंद रजिस्टरांची चूक पहिल्या बूटला दिसत नाही, रीसेटला कुलूप उघडलं नसेल तर दुसऱ्याला दिसते. केव्हीएम-युनिट-टेस्ट्समध्ये एमएसआरची वेगळी चाचणी आहे. कोड बदलला असेल तर ती चालवा, आणि तिच्याबरोबर ८बी मध्ये शून्य लिहिल्यावर फॉल्ट येत नाही हेही पाहा.

ट्रेसमध्ये जीपी लिहिलेल्या काही ओळी तरीही उरतील. गेस्ट सुरू होताना 'सेफ' रूपाने चाचपणी करतो, नाही म्हटलं की मागे फिरतो आणि पुढे त्या रजिस्टरला पुन्हा हात लावत नाही. एकदाच आलेल्या, सुरुवातीच्या आणि गेस्टच्या लॉगमध्ये न उमटलेल्या अशा ओळी तशाच राहू द्या.